मावशीचा सीन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, जिच्याजवळ मी बाकी सगळं ओकते त्या मैत्रिणीलाही नाही. किती वेळा तोंडापर्यंत आलं आणि मी दुसरंच काहीतरी बोलले. आता तुम्हाला सांगतेय. का, ते मलाही नीट माहीत नाही.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ब्रिस्टलला एका टेलिव्हिजन चॅनलमध्ये मी होते. दुपारी जुने पिक्चर दाखवायचे आमच्याकडे — रविवारचं जेवण झालं की लोक सोफ्यावर पेंगत बघतात ना, तसले. ते लागण्याआधी आम्ही बघायचो. शिवी आहे का, रक्त फार आहे का, काळ्या-गोऱ्यांबद्दल आज चालणार नाही असं काही आहे का. असलं तर सुरुवातीला एक सूचना टाकायची, नाहीतर तेवढा तुकडा कापायचा. खोलीत आम्ही दोघं, मी आणि कॉलिन. कॉलिन रिटायरमेंटला आलेला, जुन्या पिक्चरांसाठी वेडा. पण शेवटचा शब्द माझा असायचा. हे लक्षात ठेवा. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती.

आणि मावशी. माझ्या आईची थोरली बहीण, चांगुणा. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात ती नर्स म्हणून आली, वॉर्डाची प्रमुख सिस्टर होऊन रिटायर झाली. लग्न केलं नाही. आमच्या घराण्यातलं इंग्लंडला आलेलं पहिलं माणूस ती. मला इथे शिकायला आणलं तेही तिनंच. पहिलं वर्ष मी तिच्या घरात काढलं. नाइट ड्यूटी करून आल्यावर ती माझ्यासाठी भाकरी टाकायची आणि मग झोपायची. हे मुद्दाम सांगतेय. मी काय केलं ते कुणाच्या बाबतीत केलं, ते कळावं म्हणून.

मावशी लहानाची मोठी झाली ती देवळाली कँपाजवळच्या एका गावात. आजोबा कँपातल्या साहेबांच्या बंगल्यांवर माळीकाम करायचे, त्यामुळे पोरींच्या कानावर इंग्रजी पडलेलं. मावशी अठरा-एकोणीस वर्षांची असताना तिकडे हॉलिवूडची मंडळी शूटिंगला आली. इंग्रज अधिकारी, बंडखोर राणी, हत्ती, तोफा — असला पिक्चर. राणी झालेली नटी अमेरिकन, तोंडाला तपकिरी रंग फासलेली. त्यात एक छोटा सीन होता. तहानलेला अधिकारी विहिरीवर येतो, तिथे एक अस्पृश्य मुलगी पाणी काढत असते, ती म्हणते, साहेब, मला शिवू नका. तो ओंजळ पुढे करतो. ती पाणी ओतते. तो पितो. संपलं.

त्यांना दोन वाक्यं इंग्रजी बोलणारी मुलगी हवी होती. मावशी मिळाली. आणि विहीर होती गावातलीच, खरीखुरी. आमच्या लोकांना तिच्या कठड्यालाही हात लावायची बंदी होती.

गावातले जाणते लोक जमले. युनिटमधल्या हिंदुस्थानी असिस्टंटला त्यांनी बाजूला घेतलं — दुसरी कुठलीही मुलगी घ्या, ही नको. त्यानं जाऊन डायरेक्टरला सांगितलं. डायरेक्टरला आधी कळेचना. मग म्हणे तो म्हणाला, ‘‘अहो, पण गोष्टच ती आहे ना?’’ आणि कॅमेरा लावायला सांगितला. मावशीनं त्या विहिरीचं पाणी काढलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, त्यांच्या मनासारखं होईपर्यंत. शेवटी स्वतःही प्यायली, कुणी सांगितलं नसताना.

युनिटच्या गाड्या गेल्या आणि त्याच संध्याकाळी आजोबांच्या घरावर दगड पडले. एक त्यांच्या कपाळावर बसला. ती खोक मी पाहिलेली आहे. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी तिच्यावरून बोट फिरवायची. गावानं विहीर उपसून काढली, शुद्ध केली. पुढे काही वर्षांनी आमच्या लोकांनी धम्म घेतला, गाव सोडलं. ती विहीर नंतर बुजवली म्हणतात.

मग राहिलं काय? तो सीन.

पण तोही राहिला नाही. नाशिकला पिक्चर लागला तेव्हा अख्खी वस्ती बघायला गेली. हत्ती आले, तोफा आल्या, अधिकारी घोड्यावरून विहिरीकडे निघाला — आणि एकदम राणीच्या महालात पोचला. आपल्या सेन्सॉरनं तुकडा काढला होता. देशाची बदनामी होते म्हणून, असं कुणीतरी नंतर सांगितलं. अमेरिकेतही तो आधीच कापला गेला होता. गोरा नायक आणि सावळी पोर इतक्या जवळ तिथे चालत नव्हती. मावशी इंग्लंडला आली आणि साउथहॅम्प्टनच्या एका थिएटरात तोच पिक्चर पुन्हा लागला, तेव्हा ड्यूटी संपवून एकटीच गेली. नव्हता. पुढे टीव्हीवर कुठल्याशा बँक हॉलिडेला लागला. तेव्हाही नव्हता.

तिला हिरॉइन व्हायचं नव्हतं हो. मी एकदा तिची थट्टा केली होती, तेव्हा म्हणाली, ‘‘उजू, त्यात मी काय केलं, ते अ‍ॅक्टिंग होतं. पण पाणी खरं होतं गं.’’

हे सगळं मला माहीत होतं. नंतर कळलं असं नाही. लहानपणापासून पाठ होतं.

आता माझ्याबद्दल. लग्न मी प्रेमानं केलं, अनिरुद्धशी. तो पुण्याचा, ब्राह्मण. त्याला अर्थातच माहीत होतं मी कोण ते, त्याला त्याचं काही नव्हतं. पण लग्नानंतर आडनाव बदललं आणि ब्रिस्टलच्या मराठी मंडळींनी मला आपोआपच आपल्यात धरलं. दिवाळी, गणपती, मुलांचे बर्थडे. कुणी विचारलं, माहेर कुठलं, तर मी म्हणायची, नाशिककडचं. मान हलवायचे, पुढे बोलायचे. मी खोटं बोलले का? एक शब्दही नाही. पण जेवताना कुणी ‘ते लोक’ म्हणून काही बोललं की मी पोळीचा तुकडा मोडत बसायची. मावशीचा फोन आला, तिकडून ‘जयभीम’ ऐकू आलं, की चारचौघांत मी म्हणायची, ‘‘हॅलो मावशी.’’ ती पुढचं बोलायला लागायची. तिच्या लक्षात येत नव्हतं असं तुम्हाला वाटतं?

तर असं चाललेलं असताना तो पिक्चर माझ्या टेबलावर आला.

परदेशातल्या कुठल्याशा गोदामात जुनी रिळं सापडली होती, तज्ज्ञांनी गाळलेले तुकडे परत जोडले होते, आणि ती पूर्ण प्रत आमच्या चॅनलनं घेतली होती. कॉलिन सकाळपासून खुशीत. मी कॉफी घेऊन बसले. नाव ओळखलं, पण सीन असेल असं मला वाटलंच नाही. इतक्या वर्षांत कधी असला नव्हता.

अधिकारी घोड्यावरून निघाला. आणि या वेळी विहिरीवर पोचला.

काय सांगू? अनवाणी, काटकुळी, लुगडं वर खोचलेलं, दोरावर हात मारताना दंडाची शीर उठलेली. मी तिला कायम पांढऱ्या केसांची पाहिलेली. ही तर पोर होती. आणि चेहरा माझा होता. माझ्या लेकीचा, इराचा होता. मागे गावातली माणसं उभी — तोंड फिरवलेली. ती काही नट नव्हती. ती खरंच तोंड फिरवून उभी होती. मावशी तिचं वाक्य बोलली, स्वच्छ इंग्रजीत. आय अ‍ॅम अनटचेबल, साहिब. घागर वाकवली. आणि तो प्यायल्यावर तिनं उरलेलं पाणी स्वतःच्या ओंजळीत घेतलं, प्यायली, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. असं हसू मी तिच्या तोंडावर नंतर कधी पाहिलं नाही.

कॉलिननं चित्र थांबवलं. म्हणाला, काय सुंदर आहे ही मुलगी. मग माझ्याकडे बघून हसत म्हणाला, ‘‘तुझ्यासारखीच दिसते गं. तुझी कुणी लागते की काय?’’

हाच तो क्षण. ‘हो’ म्हणायचं होतं, बस. माझी मावशी आहे. एवढं म्हटलं असतं तर त्या माणसानं उडी मारली असती, चॅनलभर सांगितलं असतं, मावशीची मुलाखत घ्यायला कॅमेरा पाठवला असता. आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटली. मला ब्रिस्टलमधले सगळे दिवाणखाने दिसायला लागले. रविवारी दुपारी टीव्ही लागलेला, आणि कुणीतरी म्हणतंय — अगंबाई, ही आपल्या उज्ज्वलाची मावशी? म्हणजे उज्ज्वला...

मी कॉलिनला म्हटलं, ‘‘का? आम्ही सगळ्या तुला सारख्याच दिसतो?’’

तो लालबुंद झाला. माफी मागायला लागला, एकदा, दोनदा. बिचाऱ्यानं खरं तेच पाहिलं होतं, आणि मी त्याला त्याची लाज वाटायला लावली. आणि तो तसा खजील बसलेला असतानाच मी म्हटलं, हा सीन काढूया. भारतीय लोकांना अपमानास्पद वाटेल. तो हळूच म्हणाला, सुरुवातीला सूचना टाकली तर? सीन फार चांगला आहे, इतक्या वर्षांनी सापडलाय. मी म्हटलं, नको. काढ. तो म्हणाला, तुला जास्त कळतं त्यातलं. आणि त्यानं काढला.

म्हणजे कुणी कापला? आपल्या सेन्सॉरनं कापला, अमेरिकेनं कापला, आणि सगळ्यांच्या शेवटी मी कापला. त्यांना निदान ती मुलगी कोण ते माहीत नव्हतं.

मला वाटलं, मावशीला कळायचंच नाही. मग तिचा फोन आला. टीव्हीच्या कार्यक्रमांच्या पुस्तकात तिनं नाव वाचलं होतं. पूर्ण आवृत्ती, असंही तिथे छापलेलं होतं. सत्तरी ओलांडलेली बाई, आवाज लहान मुलीसारखा झालेला. ‘‘उजू, तुमच्याच चॅनलवर आहे की! तू बघितलास का गं? आहे का त्यात?’’

मी म्हटलं, ‘‘ते दुसरे लोक बघतात, मावशी.’’

तिनं लगेच ठरवलं. सगळ्यांना बोलवायचं. रविवारी तुम्हीही या, इराला आणा. तो रविवार यायला अजून वेळ होता. कॉलिनला एक शब्द टाकला असता तर तुकडा परत जोडला असता. अर्ध्या तासाचं काम. मी रोज ऑफिसला गेले, त्याच्या शेजारी बसले, त्याच्यासाठी चहा आणला. आणि बोलले नाही. पहिल्या दिवशी घाबरले होते, असं एक वेळ म्हणता येईल. पण नंतरच्या दिवसांना काय म्हणायचं?

रविवारी आम्ही साउथहॅम्प्टनला गेलो. मावशीनं पांढरी साडी नेसली होती, बुद्धाच्या मूर्तीपुढे ताजी फुलं होती. तिच्या विहारातल्या बायका आल्या होत्या, दोन निवृत्त नर्सेस, शेजारची एक इंग्रज म्हातारी. समोसे, केक, खुर्च्या कमी पडल्या म्हणून पोरं खाली. इरा तेव्हा दहाएक वर्षांची, मराठीत तो-ती-ते घोळवणारी. दर पाच मिनिटांनी विचारायची, ‘‘मावशीआजी, तुझी सीन कधी येणार?’’ मावशी म्हणायची, ‘‘थांब गं, घोडा येऊ दे.’’

घोडा आला. मावशीनं इराचा हात धरला. अधिकारी निघाला — आणि राणीच्या महालात पोचला.

इरा म्हणाली, ‘‘आता येणार?’’ मावशी पडद्याकडे बघतच राहिली. नंतर येईल, असं वाटलं असेल तिला. पिक्चर संपेपर्यंत बसून राहिली, अगदी शेवटची नावं वर जाईपर्यंत. मग उठली आणि सगळ्यांना म्हणाली, ‘‘माफ करा हं. उगाच तुम्हाला बसवून ठेवलं.’’ आणि चहा टाकायला आत गेली.

मी मागे गेले. ती केटलकडे तोंड करून उभी होती. म्हणाली, ‘‘पूर्ण आहे असं छापलं होतं ना गं?’’

मी म्हटलं, ‘‘जुन्या फिल्म खराब होतात, मावशी. जळतात. तो भाग आता जगात कुठेच राहिला नसेल.’’

आठवडाभरापूर्वी मी तो पाहिला होता. तिचं हसू माझ्या डोळ्यांसमोर होतं.

तिनं मान डोलावली. ‘‘जळाला असंल,’’ म्हणाली. इतक्या वर्षांत तिच्या बोलण्यातून गेलेलं ते गावचं ‘असंल’ तेवढ्यापुरतं परत आलं. बाहेर तिची एक मैत्रीण दुसरीला हळू आवाजात म्हणत होती की चांगुणाबाईंची काहीतरी गफलत होत असेल, खूप जुनी गोष्ट आहे. ते मावशीनंही ऐकलं. मी मावशीकडे बघितलं नाही. ट्रे उचलला आणि कप बाहेर नेले.

यानंतर तिनं त्या पिक्चरचं नाव काढणं बंद केलं.

शेवटची दोन-तीन वर्षं तिचं डोकं साथ देईना. नावं विसरायची, मला कधी आई समजायची, कधी वॉर्डातली ज्युनिअर. केअर होममध्ये मी तिला भेटायला जायची. एकदा खिडकीशी बसली होती, अगदी स्वच्छ भानावर. माझं नाव घेऊन म्हणाली, ‘‘उजू, मी खरंच काढलं होतं का गं ते पाणी? का मला नुसतं वाटतंय?’’

तिथे कोण होतं? मी आणि ती. मराठी मंडळ नव्हतं, कॉलिन नव्हता, ऐकायला कुणी नव्हतं. तिला दुसऱ्या दिवशी आठवलंही नसतं. मी म्हणू शकत होते — हो मावशी, काढलंस, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तू प्यायलीसुद्धा. पण मग तिनं विचारलं असतं, कुठे पाहिलंस? कधी?

मी म्हटलं, ‘‘दमलीस तू. पड जरा.’’

ती गेली त्याला आता काही वर्षं झाली. क्रेमेटोरियममध्ये वंदना झाली, तिच्याबद्दल बोलायला मला उभं केलं. मी म्हटलं, ती फार चांगली नर्स होती. म्हटलं, तिला सिनेमाची आवड होती.

आणि गेल्या हिवाळ्यात इरा घरी आली. ती आता ब्रॅकनेलला नोकरी करते. ती आणि अनिरुद्ध जेवणानंतर टेबलाशी बसले होते, मी भांडी लावत होते. तिनं फोन पुढे केला. ‘‘आई, बघ! हा मावशीआजी आहे!’’ पूर्ण पिक्चर आता ऑनलाइन आलाय, तिनं स्वतः शोधून काढला होता. मी हात पुसून बघितलं. तीच विहीर, तीच तोंड फिरवलेली माणसं. इरानं तो तुकडा सगळीकडे टाकला होता, खाली लिहून — माझी पणजीमावशी, दलित होती, त्या विहिरीचं पाणी काढणारी आमच्यातली पहिली. आजीची मावशी नव्हे, आईची, हे तिला सांगायचंही मला सुचलं नाही. ब्रिस्टलच्या मंडळींनी खाली बदाम टाकले होते. एकीनं मला स्वतंत्र मेसेज केला, किती अभिमान वाटला असेल ना तुला. बस, इतकंच. ज्याला मी इतकी वर्षं भ्यायले, ते एवढंच होतं.

अनिरुद्ध म्हणाला, बिचारीला बघायला मिळालं नाही. इराचे डोळे भरले होते. म्हणाली, ‘‘त्या दिवशी टीव्हीवर का नाही दाखवला? कोण कापतं असं?’’

माझ्याकडेच बघून विचारलं तिनं. मी त्या चॅनलमध्ये होते हे तिला माहीत आहे. तिथे माझं काम काय होतं, ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, ‘‘कोण जाणे.’’

आणि उरलेली भांडी लावली.

हे मी मराठीत लिहिलं आहे. इराला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. लिहायला बसले तेव्हा मला हे ठाऊक होतं.